बेळगावात रात्री झोपायला जागा नसेल तर: निवाऱ्यापासून घराच्या अर्जापर्यंत

डिसेंबरात सेंट्रल बस स्टँडवर एक मामा भेटले, चंदगडकडचे. उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला होते, पायावर साचा पडला, काम सुटलं, आणि खोली मालकानंच दिलेली असल्यामुळं कामाबरोबर खोलीपण गेली. हातात दुधाची रिकामी पिशवी, वरून दोन वेढे घेतलेलं रबर, आत आधार, सिव्हिलचा केसपेपर आणि एका बाईचा जुना पासपोर्ट फोटो. मी पैसे काढायला लागले तर म्हणाले, ताई पैसे नकोत, पाय पसरायला जागा सांगा कुठं असली तर. मला एकपण जागा सांगता आली नाही, चादर देऊन घरी आले आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मग विचारत फिरले, पालिकेत, दवाखान्यात, वकिलांकडं. जे कळलं ते सगळं इथं लिहिते, कुणी नवीन माणूस गावात अडकला किंवा तुमच्याच ओळखीतल्या कुणावर ही वेळ आली तर उपयोगी पडेल. जी माणसं स्टँडवर झोपतात त्यांच्यापर्यंत हे पोचणार नाही कदाचित, म्हणून वाचणाऱ्यानं वाचून दाखवायचं, तेवढं करा.

पहिली गोष्ट, हा निवारा म्हणजे कुणाचे उपकार नाहीत

शहरात बेघर माणसांना निवारा देणं ही सरकारची आणि पालिकेची जबाबदारी आहे. अन्नाच्या हक्काच्या केसमध्ये २०१० साली सुप्रीम कोर्टानं थंडीत उघड्यावर मरणाऱ्या माणसांची दखल घेतली, राज्यांना निवारे उभे करायला सांगितलं, मग २०१३ ला राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं त्यात शहरी बेघरांसाठी निवारा हा वेगळा भागच ठेवला. पुढं २०१६ ला त्याला दीनदयाळ अंत्योदय नाव लागलं. योजनांची नावं बदलत राहतात, ती पाठ करत बसू नका, ऑफिसात जाऊन "बेघरांचा निवारा" एवढंच म्हणा, समजतं.

त्या नियमात काय आहे ते मात्र लक्षात ठेवा, कारण निवाऱ्यात गेल्यावर तुम्हाला काय मिळायला पाहिजे ते त्यातच आहे. दर १ लाख वस्तीमागं किमान १०० माणसांची सोय होईल एवढा एक कायमचा निवारा. २०११ च्या जनगणनेत बेळगाव पालिकेची वस्ती पाच लाखांच्या जवळ होती, म्हणजे हिशेब तुम्हीच करा किती जागा पाहिजेत. निवारा फक्त रात्रीचा नाही, २४ तास आणि बाराही महिने उघडा पाहिजे. एका माणसामागं किमान ५० चौरस फूट, म्हणजे एक खाट, शेजारी सामान आणि जायला-यायला वाट एवढी जागा होते. पाणी, संडास, बाथरूम, लाईट, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाला जागा, प्रथमोपचाराची पेटी, आणि सामानाला लॉकर. लॉकर म्हटल्यावर लोकांना वाटतं एवढं काय त्यात, पण स्टँडवर झोपणाऱ्या माणसाची सगळ्यात मोठी भीती चोरीची असते. ते मामा पिशवी पोटाखाली घेऊन झोपायचे, कुशीवर वळले तरी जाग यायची त्यांना.

पहिली रात्र

पत्ता पाठ करण्यापेक्षा विचारायचं कुठं ते लक्षात ठेवा, कारण निवारा चालवायला पालिका बहुतेक वेळा संस्थेला देते, संस्था बदलली की कधी इमारतपण बदलते. दिवसा असाल तर सरळ सुभाषनगरला महानगरपालिकेच्या ऑफिसात जा आणि अंत्योदय किंवा बेघर निवाऱ्याचं काम कुठल्या टेबलावर चालतं ते विचारा, तिथून निवाऱ्याचा पत्ता आणि तिथल्या माणसाचा नंबर दोन्ही लिहून घ्या. रात्री असाल तर स्टँडवरची नाहीतर स्टेशनवरची पोलीस चौकी, नाहीतर ११२. रिक्षावाल्यांना पण विचारा, रात्रपाळीच्या रिक्षावाल्यांना कुठं काय उघडं असतं ते पक्कं ठाऊक असतं.

बोर्ड कन्नडमध्ये असणार, आणि आपल्यातले बरेच लोक बोर्ड वाचता येत नाही म्हणून दारावरून परत येतात, मी बघितलंय. बोर्डावर "वसतिरहितर आश्रय केंद्र" असलं काहीतरी असतं, वसतिरहितर म्हणजे ज्यांना राहायला घर नाही ते. अक्षर नाही कळलं तर कुणाकडून तरी वाचून घ्या, लाज कसली त्यात. आणि बोलायला हे एक वाक्य शिकून ठेवा: "इवत्त रात्री मलकोळ्ळाक जागा ऐतेन्री?" म्हणजे आज रात्री झोपायला जागा आहे का. इकडच्या बोलीत आहे, समोरच्याला बरं वाटतं, अर्धं काम तिथंच होतं. मराठीत बोललात तरी बेळगावात बहुतेकांना कळतं, पण रायबाग, गोकाक, सौंदत्तीकडून बदली होऊन आलेला वॉचमन असला तर हे वाक्य कामाला येतं.

आधार नाही, कुठलंच कार्ड नाही म्हणून मागं फिरू नका. बेघर माणसाकडं कागद नसणारच, पावसात भिजतात, पिशवीसकट चोरीला जातात, म्हणून तर निवाऱ्याच्या कामात कागद काढून द्यायला मदत करणं हेपण धरलेलं आहे. आत घेतल्यावर रजिस्टर पुढं करतील. आता इथं नीट लक्ष द्या, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं पान हेच. नाव, बापाचं नाव, गाव, वय, तारीख, सही नाहीतर अंगठा. लोक घाईत अर्धवट सांगतात, कुणी भीतीनं खोटं नाव सांगतं, कुणी टोपणनाव. असं करू नका. आधारवर किंवा शाळेच्या दाखल्यावर जे नाव आहे तेच सांगा, स्पेलिंगपण बघा, कन्नडमध्ये लिहिलं असलं तर वाचून दाखवायला सांगा. ज्या माणसाला जगात कुठंच पत्ता नाही त्याचा हा पहिला पत्ता असतो, आणि पुढचा एकेक कागद यावरच उभा राहतो. ते मामा पहिल्या दिवशी नुसतं घरातलं लाडाचं नाव सांगून झोपले, मग पत्र काढायच्या वेळी आधारवरचं नाव वेगळं, रजिस्टरमधलं वेगळं, आणि ते जुळवून घ्यायला दोन आठवडे चपला झिजवल्या आम्ही.

बाई असेल, लेकरू असेल, म्हातारं माणूस असेल तर

बाई एकटी असली तर पुरुषांच्या निवाऱ्याकडं पाठवायचं नाही. बायकांना आणि कुटुंबांना वेगळी सोय पाहिजे असं नियमातच आहे. १८१ ला फोन लावा, ही महिला हेल्पलाईन, तिथून सखी केंद्राशी जोडून देतात, तिथं तात्पुरतं राहणं, डॉक्टर, पोलीस, वकील असं एका ठिकाणी बघतात. घरातून मारहाण होऊन निघालेली बाई सहसा तोंडानं सांगत नाही, नुसती स्टँडवर जिथं लाईट आहे तिथं बसून राहते आणि हुबळीची गाडी लागली की उठते, गेली की परत येऊन बसते. अशी कुणी दिसली तर शेजारी बसा आधी, पाणी द्या, फोनचं नंतर.

लहान मूल एकटं दिसलं तर १०९८. त्याला आपल्या घरी घेऊन जायचं नाही, कितीही मनात आलं तरी, आणि मोठ्या माणसांच्या निवाऱ्यातपण सोडायचं नाही.

म्हाताऱ्यांसाठी १४५६७ नंबर आहे. आणि इथं एक गोष्ट कितीतरी लोकांना माहीत नसते. पोरांनी घर नावावर करून घेऊन आई-बापाला बाहेर काढलं असलं तर २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, प्रांताधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो, पोटगी मागता येते, आणि सांभाळ करायच्या अटीवर घर बक्षीसपत्रानं दिलं असलं आणि सांभाळ केला नाही तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट कागदावर लिहिलेली असली तर काम सोपं जातं. म्हणून निवाऱ्यात म्हातारं माणूस आलं की पहिल्यांदा विचारा, घर कुणाच्या नावावर होतं? रडतील, पोराला त्रास नको म्हणतील. तरी विचारा.

डोक्यानं बरं नसलेला माणूस रस्त्यावर फिरत असला तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पोलिसांनी त्याला संरक्षण देऊन सरकारी दवाखान्यात तपासायला न्यायचं असतं, तेपण २४ तासांच्या आत. पोलिसांना हे नम्रपणे सांगा, भांडू नका. मोठी सोय म्हटली तर धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, डिमहान्स म्हणतात तिला.

गाडीत घालून नेतील ही भीती

फिरताना सगळ्यात जास्त हीच भीती ऐकली. कर्नाटकात १९७५ चा भीक मागण्याला बंदी करणारा कायदा आहे, भीक मागताना सापडलेल्याला पकडून निराश्रितांच्या केंद्रात नेता येतं. तुमच्या घरफाळ्याच्या पावतीवर भिक्षुक सेस म्हणून एक ओळ असते बघा, तो पैसा त्याच कामाचा. पण ते केंद्र वेगळं आणि पालिकेचा बेघर निवारा वेगळा. निवाऱ्यात माणूस आपल्या मनानं येतो, आपल्या मनानं जातो, सकाळी कामाला जाऊन संध्याकाळी परत येऊ शकतो. हमाल, गवंड्याच्या हाताखालचे, हॉटेलात भांडी घासणारे, लग्नात वाढपी म्हणून जाणारे, कष्ट करून खाणारीच माणसं असतात ही. हा फरक समजावून सांगायला वेळ लागतो, एका रात्रीत कुणी ऐकत नाही, तिसऱ्या-चौथ्या रात्री येतात. मला एका अक्कानं पाच वेळा नाही म्हटलं आणि सहाव्यांदा स्वतःच गाठोडं उचललं.

पोटाचं काय

इंदिरा कॅन्टीन बघून ठेवा, नाष्टा ५ रुपये आणि जेवण १० रुपये. रेशनचं पुढं लिहिलंय. कपिलेश्वर आणि बाकीच्या देवळांत प्रसादाचे दिवस असतात ते लोकांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहेत.

कागद कुठल्या क्रमानं करायचे

निवाऱ्यात थोडे दिवस गेले की तिथल्या मॅनेजरकडून लेटरहेडवर पत्र घ्या, अमुक माणूस अमुक तारखेपासून इथं राहतो, सही-शिक्का आणि फोटोवर अर्धा शिक्का. आधार काढायला किंवा पत्ता बदलायला मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र चालतं, पण ते आधारवाल्यांच्या ठरलेल्या नमुन्यातच पाहिजे, साध्या पत्रावर परत पाठवतात. नमुना आधार केंद्रातच मिळतो, आधी तो आणा, मग सही घ्या. उलटं केलं तर दोन फेऱ्या.

आता सीमेवरच्या लोकांनी इथं थांबून विचार करायचा. चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडून आलेला माणूस असला आणि त्याला महाराष्ट्रातून संजय गांधी निराधार नाहीतर श्रावणबाळची पेन्शन मिळत असली तर घाईनं आधारवरचा पत्ता बेळगावचा करू नका, ती पेन्शन तिकडच्या रहिवाशांना असते, पत्ता बदलला की अडचण सुरू. उलट ज्याचं तिकडं काही राहिलेलंच नाही, घर नाही, पेन्शन नाही, त्यानं इकडचा पत्ता करून घेतलेला बरा, कारण कर्नाटकच्या योजना कर्नाटकचा पत्ता बघतात. बायकांचा बसचा फुकट प्रवाससुद्धा, २०२३ च्या जूनपासून सुरू आहे तो, कर्नाटकातला पत्ता असलेलं कार्ड दाखवल्यावरच. दोन्ही दरडींवर पाय ठेवता येत नाही. कुठं राहायचं ते माणसाला ठरवू द्या, आपण ठरवू नका त्याच्या वतीनं.

रेशनसाठी मात्र पत्ता बदलायची गरज नाही. एक देश एक रेशन कार्ड झाल्यापासून महाराष्ट्राच्या कार्डावरचं केंद्राचं धान्य बेळगावच्या दुकानात अंगठा लावून उचलता येतं. दुकानदार नाही म्हणाला तर कार्डावर आधार जोडलंय का ते बघा, बहुतेक घोळ तिथंच असतो.

मतदार यादीत नाव घालायला बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा लागत नाही, हे मला कळलं तेव्हा मी दोनदा विचारून खात्री केली. फॉर्म ६ भरायचा, आपण जिथं झोपतो ती जागा लिहायची, आणि मग बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी, रात्री येऊन बघतो माणूस खरंच तिथं झोपतो का, एकापेक्षा जास्त रात्री येऊन बघतो. म्हणजे फॉर्म भरल्यावर जागा बदलायची नाही. माणूस फुटपाथवर असला तरी तो या गावचा मतदार आहे, आणि नगरसेवकाच्या दारात हा कागद फार बोलतो.

अर्ज मराठीत चालतो का

चालतो. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमात आहे, गाऱ्हाण्याचा अर्ज देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याला देता येतो. पण मी काय करते ते सांगते, मराठीत एक आणि कन्नडमध्ये एक असे दोन जोडून देते. हक्क सोडायचा नाही आणि कामपण अडवून घ्यायचं नाही. डीसी ऑफिसच्या, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीच्या, बाजूला टायपिंगवाले बसतात, कन्नडमध्ये करून देतात. काही शब्द कानाला सवयीचे करून घ्या: गुरुतिन चीटी म्हणजे ओळखपत्र, पडितर चीटी म्हणजे रेशन कार्ड, आदाय प्रमाणपत्र म्हणजे उत्पन्नाचा दाखला. आणि "नाळे बर्री" म्हणजे उद्या या. हे ऐकलं की घरी यायचं नाही, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच मागायची, तारीख आणि शिक्का घालून. एका ठिकाणी आम्हाला चार वेळा उद्या बोलावलं आणि पाचव्यांदा अर्जच आला नाही म्हणाले, पोच नव्हती आमच्याकडं, काय करणार. उत्पन्नाचा, जातीचा दाखला नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या ऑफिसात, काढताना सकाल कायद्याखालचा (ठरलेल्या मुदतीत काम करून द्यायचा कर्नाटकचा कायदा) १५ आकडी नंबर मिळतो, तो मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, त्यावरून काम किती दिवसांत व्हायला पाहिजे ते बघता येतं.

निवाऱ्यातून घराकडं

कायम राहायला निवारा नाही. शहरात घरासाठी आता प्रधानमंत्री आवास योजनेचा दुसरा टप्पा आहे, २०२४ च्या सप्टेंबरपासून. गरीब गटासाठी वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत, कुटुंबात कुणाच्याही नावावर देशात कुठंही पक्कं घर नको, आणि गेल्या २० वर्षांत कुठल्याही सरकारी घरयोजनेचा फायदा घेतलेला नको. घरातल्या सगळ्यांचं आधार लागतं. गावाकडं वडिलांच्या नावावर पडकं घर आहे म्हणून लोक आपणहून माघार घेतात, तसं करू नका. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं, आणि बघतात पक्कं घर. विधवा, एकट्या बायका, अपंग, म्हातारी माणसं यांना प्राधान्य आहे. स्वतःची जागा असेल तर बांधायला मदत, नसेल तर बांधून दिलेल्या घरांत वाटा, आणि भाड्याच्या घरांचा पण एक भाग आहे त्यात. बेघर माणसानं भाड्याच्या भागाचं नक्की विचारावं, कारण जागा त्याच्याकडं नसतेच. राज्याकडून राजीव गांधी गृहनिर्माण निगम आहे, झोपडपट्टीतल्यांसाठी स्लम बोर्ड आहे, पण दारं वेगवेगळी असली तरी बेळगावात सुरुवात पालिकेतूनच करा.

घर मिळवून देतो म्हणून पैसे मागणारा भेटला तर उठून यायचं. अर्जाच्या ऑनलाईन कामाचे सेंटरवाले थोडे पैसे घेतात ते वेगळं, पण "साहेबांना द्यावे लागतात" म्हणणाऱ्याला एक रुपया नाही.

आणि प्रत्येक बेघर माणसाचं दार घरयोजनाच असतं असं नाही. त्या मामांचा पाय कामावर गेला होता. कामावर झालेली इजा म्हणजे ईएसआय, कामगारांचा सरकारी विमा, असेल तर तिथून, नसेल तर भरपाईच्या कायद्यानं मालकाकडून पैसे मागता येतात, आणि हे सहा महिने त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. वकील फुकट मिळतो. १५१०० ला फोन, नाहीतर कोर्टात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचं ऑफिस. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कामगार यांना उत्पन्न न बघता ही मदत आहे. म्हणून कुणालाही निवाऱ्यात सोडून येताना घर का सुटलं ते एकदा शांतपणे विचारा, बऱ्याचदा उत्तरातच पुढचा रस्ता असतो.

निवारा चांगला नसेल तर

संडास तुंबलेला, पांघरूण ओलं, रात्री कुलूप, कुणी पैसे मागितले, दारू पिऊन कुणी त्रास देतं, असं काही असलं तर आधी तिथल्या मॅनेजरला, मग पालिकेच्या कमिशनरांना लेखी, आणि राज्याचा १९०२ नंबर आहे तक्रारीचा. जुलैत आपल्याकडं पाऊस कसा असतो तुम्हाला माहीत आहे, ओल्या गादीवर चार रात्री काढल्या तर धडधाकट माणूस आजारी पडतो, त्यामुळं पावसाच्या आधी मे महिन्यातच एकदा जाऊन छत बघून या, गळतंय का.

निवारा सोडून खोली घ्यायची वेळ आली तर निघायच्या आधल्या दिवशी किती तारखेपासून किती तारखेपर्यंत राहिलो याचं पत्र मागून घ्या आणि लॉकरमधले कागद मोजून घ्या. एकदा बाहेर पडलं की ते पत्र मिळवायला फार फिरावं लागतं. मामांनी घेतलं, त्याच दुधाच्या पिशवीत ठेवलंय, फोटोच्या मागं.